बकरीला शपथ नव्हती

"नाव खोड माह्या नातीचं! आत्ताच्या आत्ता खोड!"

रामीबाई अंगणवाडीच्या दारात उभी राहून ओरडत होती आणि आत सुकेशनी एका पोराला वजनाच्या झोळीत बसवायच्या खटपटीत होती. पोर झोळीत बसायला तयार नाही, रामीबाई खाली बसायला तयार नाही आणि मोबाइलातलं ॲप पुढं सरकायला तयार नाही, अशी ती सकाळ होती. फेब्रुवारी संपत आला होता. हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला आलेला, सगळा तांडा वावरात, आणि ही म्हातारी वावरातूनच तशी उठून आलेली. हरभऱ्याची आंब, म्हणजे पाल्यावरचा आंबट खार लागून तिच्या बोटांची सालटं निघाली होती. तीच बोटं ती सुकेशनीच्या रजिस्टरकडं नाचवत होती.

"मावशी, आंदी बसा. घोटभर पानी प्या."

"पानी नाई पाह्यजे. तुनं माह्या रंजीले येडी लिवलं. शेजारच्या धरमसिंगनं सांगतलं मले."

"धरमसिंगले काय करा लागते? येडी नाई लिवलं. चार वर्साची झाली अन् बोलत नाई, एवढंच लिवलं."

"बोलत नाई म्हंजे येडीच ना तुमच्यात?"

"मंग तुमीच सांगा मावशी. कान चांगले, जीभ चांगली. बोलत काहून नाई पोट्टी?"

इतका वेळ तोफेसारखी चाललेली रामीबाई एकदम थांबली. कोपऱ्यात बसलेल्या रंजीकडं तिनं एकदा पाहिलं, ओढणीचा बोळा तोंडाशी धरला आणि मागं फिरून तरातरा निघून गेली. सुकेशनीला तिचा रागच आला. भांडायला तोंड आहे आणि नेमकं विचारलं की पळ काढते, असं तिला वाटलं.

आसेगावकडून येणारी गाडीवाट जिथं संपते तिथं हा तांडा. साठ-सत्तर घरं, मागं टेकडी, पुढं मुरमाड वावरं. खोल नांगरायला जावं तर फाळ दगडावर खणकन वाजतो, अशी जमीन. तिच्यावर वर्षभर कोणाचंच भागत नाही. म्हणून दिवाळी झाली की अर्धा तांडा घराला कुलूप लावून निघतो, कोणी ऊस तोडायला, कोणी पुण्याकडं बांधकामावर. मागं राहतात म्हातारी माणसं, बकऱ्या आणि शाळेच्या आशेनं ठेवलेली लेकरं. रामीबाईचा मुलगा वीरेंद्र आणि सून ज्योत्स्ना पुण्याला, आणि रंजी आजीपाशी. रंजीचं खरं नाव रंजीता, पण त्या नावानं तिला फक्त रजिस्टर ओळखत होतं.

सुकेशनी आसेगावची. अकरा वर्षं रोज स्कूटीवर येऊन ती ही अंगणवाडी चालवत होती. मदतनिसीची जागा दीड वर्षापासून रिकामी, म्हणजे खिचडी हिनंच शिजवायची, शेंबूड हिनंच पुसायचा आणि फोटो काढून ॲपवर हिनंच टाकायचे. कामाला वाघीण होती. तांड्यातल्या प्रत्येक पोराला दात कधी आला, ते चालायला कधी लागलं, हे तिला तोंडपाठ होतं. एक गोष्ट मात्र अकरा वर्षांत ती शिकली नव्हती, ती म्हणजे तांड्याची बोली. घराघरात गोरमाटी, म्हणजे बंजारी बोलतात, पण तिच्याशी सगळे मराठीत बोलत. मग शिकायची गरज काय पडणार?

उलट दोन वर्षांपूर्वी तिनं तांड्याला मराठी शिकवायचं मनावर घेतलं होतं. दिवाळीतल्या पालकसभेत, सगळे घरी आलेले असताना तिनं ठणकावून सांगितलं होतं, "घरी मराठीच बोलाचं. बंजारी बंद करा. नाईतर तुमची लेकरं पहिलीत जाऊन मुक्यासारखी बसतील." बायका गप्प बसल्या होत्या, पण वीरेंद्रनं उठून टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याचं पाहून बाकीच्यांनी. सुकेशनीला त्या टाळ्या अजून आठवायच्या. आता पोरं दारात उभी राहून 'नमस्ते बाई' म्हणायची, तेव्हा ही आपली कमाई आहे असं तिला वाटायचं.

फक्त रंजी काही म्हणत नव्हती. दिसायला पोर ठणठणीत, तेल चोपडून केसांच्या दोन घट्ट वेण्या, डोळे सगळीकडं फिरणारे. पाणी पाहिजे असलं की माठाला हात लावायची. कोणी काही हिसकलं की चावायची. आधी पोरी तिला खेळात घ्यायच्या. दुकान-दुकान मांडलं की विचारायच्या, "काय पाहिजे ताई?" ही नुसता हात पुढं करायची. असं किती दिवस चालणार? लहान लेकरांचा खेळ म्हणजे अर्धं बोलणंच असतं. हळूहळू पोरींनी तिला बोलावणं सोडलं, आणि ती दाराजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसायला लागली, ती तिथंच.

तालुक्याच्या शिबिरात तिचे कान तपासून झाले होते. मागं डबा वाजवला की पोर वळून बघत होती. डॉक्टरनं लिहिलं, ऐकू येते. तो कागद पाहून पर्यवेक्षिका विजयमाला मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "कान चांगले म्हणजे मग डोक्यातच काहीतरी आहे. अकोल्याला विशेष मुलांची निवासी शाळा आहे, जूनसाठी एक जागा शिल्लक आहे. होळीच्या आधी फॉर्म पाहिजे. तुमची सही, बापाची सही. लेकराचं भलं होईल सुकेशनीताई, उशीर नका करू."

बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच पोरीचं भलं करायचं होतं. आणि वीरेंद्रचा सुकेशनीवर इतका विश्वास, की तिनं बोट दाखवावं तिथं तो सही करणार. म्हणजे चार वर्षांची पोर आजीपासून तोडून अकोल्याला धाडायची की नाही, ते सुकेशनीच्या एका सहीवर आलं होतं. फॉर्म तिच्या पिशवीत होता आणि तिला पिशवीच नकोशी झाली होती.

चार दिवस तिनं रंजीला मांडीवर घेऊन चित्रं दाखवली. "ही कोण? गाय. म्हन, गाय." रंजी चित्राकडं बघायची, सुकेशनीच्या तोंडाकडं बघायची. एकदा तिचे ओठ हलले. सुकेशनी पुढं वाकली. पण पोरीनं खालचा ओठ दाताखाली घट्ट दाबून धरला आणि मान फिरवली. बोलता येत नाही त्या माणसाचं तोंड असं होत नाही, येणारं बोलणं आवरणाऱ्याचं होतं. सुकेशनीच्या डोक्यात ते घोळत राहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी अंगणवाडी बंद करून ती रामीबाईला गाठायला वावरात गेली. ऊन चढलं होतं. हरभरा अर्धा सोंगून झाला होता, मधोमध गंजी लागली होती. गंजीपलीकडून बोलणं ऐकू आलं. कोणी तरी कोणाशी मनसोक्त गप्पा मारत होतं. रागावणं, लाडीगोडी, मध्येच हसणं, मध्येच दोन ओळी गाणं. आवाज रामीबाईचा, बोली गोरमाटी. इतकं भरभरून बोलताना सुकेशनीनं तिला कधी ऐकलं नव्हतं. कोण पाहुणी आली, म्हणून तिनं डोकावून पाहिलं.

पाहुणी बिहुणी कोणी नव्हती. रामीबाई विळा चालवत होती आणि धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बांधलेल्या काळ्या बकरीशी बोलत होती.

आणि तिच्यापासून दहा पावलांवर रंजी बसली होती. समोर बकरीचं पिलू. रंजी त्याला चाऱ्याची काडी दाखवत होती आणि बोलत होती. अगदी आजीच्याच चालीवर, तसंच मान वेळावून, तसंच दरडावून. "आव," म्हणाली. "बेस," म्हणाली. 'बाटी' हा शब्द सुकेशनीला कळला, कारण भाकरीला बाटी म्हणतात एवढं तिला माहीत होतं. बाकी काही कळलं नाही. पण ते बडबडणं नव्हतं, चांगली लांब लांब वाक्यं होती.

"मावशी! पोट्टी बोलते!"

दोघी एकदम गप्प झाल्या. चालता रेडिओ बंद व्हावा तशा. रंजी धावत जाऊन आजीच्या घागऱ्यामागं लपली. रामीबाईच्या हातातला विळा तसाच राहिला.

"मावशी, तुमाले माईत होतं? पोट्टी बोलते हे माईत होतं तुमाले?"

"बकरीसंगं बोलते."

"अन् तुमच्यासंगं?"

"नाई बोलत."

"तुमी बोलता का तिच्यासंगं घरात?"

रामीबाईनं विळा खाली ठेवला. "तुनंच त सांगतलं होतं माय, बंजारी बंद करा म्हनून."

"मी मराठी बोला म्हटलं होतं! चूप राहा म्हटलं होतं काय?"

"मराठी मले किती येते? बजारात जाऊन कांदे कसे दिले, हे इचारता येते. तहसीलीत सायबाले हात जोडता येते. भांडता येते, तू पाह्यलंच. पन लेकराले मांडीवर घेतलं, त काय म्हनू तिले? कांदे कसे दिले म्हनू?"

सुकेशनीनं रंजीकडं पाहिलं. ती अजून आजीच्या घागऱ्याआडच होती.

"लाड कराची बोली माहीच हाये वं बाई," रामीबाई म्हणाली. "ते तुनं बंद केली."

"अवं पन मावशी, मी एक म्हटलं अन् तुमी दोन वर्सं तोंड शिवून बसल्या? दोन शब्द बोलल्या असत्या त कोन पाहाले येत होतं?"

"शप्पत हाये."

मग रामीबाईनं सांगितलं. त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी वीरेंद्रनं आईला ओट्यावर बसवलं. रंजी तेव्हा नुकतीच दोन वर्षांची, चांगली चुरूचुरू बोलायची. त्यानं आईचा हात उचलून पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, हिच्यासमोर बंजारीचा एक शब्द जरी बोललीस, तर या पोरीचं मढं पाहशील. मग तो पुण्याला निघून गेला.

"एकुलती एक नात. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली शप्पत, कशी मोडू? मंग खुनेनं करतो आमी. जेव म्हनाचं त असं, झोप म्हनाचं त असं." तिनं हातानं करून दाखवलं. "लयच कोंडलं म्हंजे बकरीसंगं बोलतो. बकरीले शप्पत नाई घातली त्यानं. दूर बांधतो तिले. रंजीसंगं बोलल्यासारखं नोका व्हाले."

सुकेशनी धुऱ्यावर बसली. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा लाज जास्त वाटली. दोन वर्षं ती या पोरीच्या वजनाचे आकडे ॲपवर भरत होती आणि पोरीच्या घरातलं बोलणं आपण स्वतःच्या हातानं बंद केलंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

"मोडा मावशी शपथ. काई होत नाई."

"तुह्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली असती, त मोडली असती काय तुनं?"

सुकेशनीला तीन वर्षांची लेक होती.

"ज्यानं घातली त्यानंच सोडा लागते," रामीबाई म्हणाली. "त्याले सांग."

संध्याकाळी सुकेशनीनं वीरेंद्रला फोन लावला. मागं सिमेंट कालवायच्या मशीनची घरघर चालली होती. तिनं सगळं सांगितलं.

"मॅडम, मी तिसरीत होतो," तो शेवटी म्हणाला. "गुरुजीनं इचारलं, सकाऊन काय खाल्लं? मी म्हटलं, बाटी. सारा वर्ग हासला. गुरुजीबी हासले. चौथीपासून मी वर्गात तोंडच नाई उघडलं. सातवीत शाळा सुटली. इथं मुकादम शिवी देते, तेबी मान खाली घालून आयकतो. माह्या पोट्टीचं तसं नाई होऊ देत मी. उशिरा बोलन, पन बोलन त मराठीच."

"ती बोलतच नाई ना भाऊ! घरात कोनी बोलन तवा लेकरू बोलते. आंदी एक बोली पक्की होऊ द्या, दुसरी तिच्या मागं येते. मी शिकवतो तिले मराठी, माही जबाबदारी."

"हे तवा काहून नाई सांगतलं?"

"तवा मले समजत नव्हतं."

"तुमी म्हटलं बंद करा, मी बंद केलं. सगळ्यात आंदी टाळ्या मीच वाजवल्या. आता तुमीच फिरता?"

"हो, फिरतो. चुकलं माहं."

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुमच्या चुकीले कोनी काई म्हनत नाई मॅडम. लेकरू माहं हाये. होळीले येतो, फॉर्म तयार ठेवा. सही करून टाकतो. त्या शाळेत मराठी त शिकवतीन." आणि त्यानं फोन ठेवला.

होळीला तांडा भरतो. पुण्याहून, साखर कारखान्यांवरून माणसं येतात, डफ बाहेर निघतात, बायांचे घागरे पेटीतून उन्हात येतात. वीरेंद्र होळीच्या तीन दिवस आधी एकटाच आला. ज्योत्स्नाच्या कडेवर सहा महिन्यांचा मुलगा होता आणि साइटवरून दोघांना एकदम सुट्टी मिळाली नव्हती. त्यानं रंजीला फ्रॉक आणला, बाहुली आणली. "पप्पा म्हन, बेटा. पप्पा." रंजीनं बाहुली घेतली आणि ओठ दाताखाली धरले.

तिसऱ्या दिवशी विजयमाला मॅडम येणार होत्या. त्याच्या आदल्या दिवशी सुकेशनी सकाळीच वीरेंद्रच्या दारात जाऊन उभी राहिली. "वीरेंद्रभाऊ, एक घंटा द्या मले. बोलाचं काईच नाई, फक्त आयकाचं. मंग जे कराचं ते करा."

तो कुरकुरत आला. दोघं गंजीआड उभे राहिले. पलीकडं रामीबाई शेवटच्या ओळीतला हरभरा सोंगत होती आणि रंजी पिलाला घेऊन बसली होती. नवी बाहुली बाजूला धुळीत पडली होती. पिलू आईसाठी बें-बें करत होतं. रंजीनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं.

"वात मत कर," ती म्हणाली. बोलू नकोस.

पुढं ती बरंच काही म्हणाली, हळू आवाजात, समजावून सांगितल्यासारखी. सुकेशनीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिनं वीरेंद्रकडं पाहिलं. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हनते?"

त्यानं मान हलवली. पिलू पुन्हा ओरडलं, रंजीनं पुन्हा त्याचं तोंड दाबलं, पुन्हा तेच सांगितलं.

"भाऊ, काय म्हनून राह्यली?"

"पिलाले सांगते," वीरेंद्र म्हणाला. "बोलू नोको म्हनते. मानसाईसमोर बोललं म्हंजे मरते म्हनते. मी कुठी बोलतो, पाह्य, म्हनून मी जित्ती हाओ म्हनते."

शपथ घातली होती म्हातारीला. पण हात पोरीच्या डोक्यावर होता, आणि पोरीला कान होते. दोन वर्षांच्या जिवाला त्यातलं जेवढं कळलं, तेवढं तिनं आजवर इमानानं पाळलं होतं.

वीरेंद्र गंजीला टेकून खाली बसला. हरभऱ्याचा भुसा त्याच्या केसांत, शर्टात शिरत होता. इतका दांडगा माणूस, पण गुडघ्यात तोंड घालून लहान पोरासारखा रडला. सुकेशनीनं त्याला रडू दिलं.

मग तो उठून धुऱ्यावर गेला. पाण्याची बाटली उचलली. रामीबाईला काही विचारावं लागलं नाही, तिनं विळा टाकला आणि येऊन समोर बसली. रंजीला मध्ये बसवलं. त्यानं आईचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि तोंड उघडलं. शब्द निघेना. पोरीसमोर ती बोली त्यानंही दोन वर्षं तोंडाबाहेर काढली नव्हती. एकदा खाकरला, दोनदा खाकरला. शेवटी गोरमाटीत, अडखळत, जे काय म्हणायचं ते म्हणाला आणि शपथ सोडली म्हणून आईच्या हातावर पाणी सोडलं. पाणी रंजीच्या भांगातून कपाळावर ओघळलं.

रामीबाईनं नातीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बोलायला लागली. काय बोलली देव जाणे. दोन वर्षांत जे जे म्हणायचं राहून गेलं होतं ते सगळं, अंघोळ घालतानाचं, वेणी घालतानाचं, तापात उशाशी बसल्याचं. बोलता बोलता रडत होती, रडता रडता बोलत होती.

रंजी मात्र गप्प. ती आजीकडं डोळे फाडून बघत होती. बराच वेळ बघत राहिली. आजी मरते की आपण मरतो, याची वाट पाहत असावी. मग उठली आणि पिलापाशी जाऊन बसली. त्या दिवशी ती कोणाशी बोलली नाही. पिलाशीही नाही.

दुसऱ्या दिवशी विजयमाला मॅडमची गाडी आली. त्यांनी गायीचं चित्र धरलं, फुलाचं धरलं, गोळी पुढं केली. रंजीनं गोळी घेतली आणि तोंड मिटून चघळली. मॅडमनी सुकेशनीकडून फॉर्म मागून घेतला आणि टेबलावर ठेवला. वीरेंद्रच्या हातात पेन होतं आणि तो सुकेशनीकडं बघत होता.

"सेविकेची सही इथं," मॅडम म्हणाल्या.

"मी नाही करत, मॅडम."

"का?"

"लेकरू बोलतं. घरच्या बोलीत बोलतं. बकरीच्या पिलाशी बोलताना मी ऐकलंय."

"मग माझ्यासमोर बोलू दे ना! फॉर्मवर मी काय लिहू, बकरीशी बोलते म्हणून? आणि ती बोली आपल्या तक्त्यात कुठं धरतात?"

"नाही धरत, तेच चुकतं. तुम्ही लिहू नका. मी लिहून देते." सुकेशनीनं कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. पालकसभेत आपण काय सांगितलं, त्यानं घर कसं गप्प झालं, पोर का बोलत नाही. खाली सही केली.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "सुकेशनीताई, हे वर गेलं तर तुम्हालाच मेमो निघेल. फाडून टाकू का?"

"नका फाडू."

मॅडमनी रंजीकडं पाहिलं. मग फॉर्म घडी घालून पर्समध्ये टाकला. "जूनपर्यंत थांबते. तोवर बोलली नाही तर मी स्वतः नाव देणार. मग मला काही सांगायचं नाही." वीरेंद्रनं पेन टेबलावर ठेवलं.

होळी झाली, डफ परत खुंटीला गेले, वीरेंद्र पुण्याच्या गाडीत बसला. मार्चअखेर मेमो आला. चुकीच्या सूचना देऊन लाभार्थ्याच्या विकासात अडथळा आणल्याबद्दल खुलासा सादर करावा. सुकेशनीनं खुलासा सादर केला, त्यातही तेच लिहिलं. तांड्यात सभा घेऊन आपली चूक सांगितली, तर लोक तिच्यावरच चिडले. धरमसिंग म्हणाला, "आंदी म्हनता मराठी बोला, आता म्हनता बंजारी बोला. आमची लेकरं का तुमचं खेळनं हाये?" त्यानं आपला नातू अंगणवाडीतून काढून घेतला. त्याचं काही चुकलं असं सुकेशनीला म्हणता येईना.

तिनं रामीबाईला मात्र सोडलं नाही. रोज सकाळी तासभर अंगणवाडीत यायचं, पोरांना गोष्टी सांगायच्या, गोरमाटीत. रामीबाईनं आधी आढेवेढे घेतले. "तुह्या सायबीनीनं पाह्यलं त?" "पाह्यलं त पाह्यलं." मग ती यायला लागली. पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची, मध्येच ओरडायची, हसायची, पुढचं आधीच सांगून टाकायची. सुकेशनी मागं भिंतीला टेकून बसायची आणि तिला काही समजायचं नाही. आपण काही विचारलं की ही पोरं नुसती तोंडाकडं का बघायची, ते मात्र आता समजत होतं. रंजी आजीच्या मांडीला चिकटून बसायची. घरी आता एखाददुसरा शब्द बोलते, असं रामीबाई सांगायची. अंगणवाडीत अजून काही नव्हतं. एप्रिल अर्धा सरला, पत्रे तापायला लागले. जून जवळ येत होता आणि सुकेशनीला झोप लागत नव्हती.

मग एका सकाळी गोष्ट संपली, खिचडीची ताटं मांडायची वेळ झाली, आणि कोणी तरी सुकेशनीची साडी ओढली. रंजी होती. पाणी पाहिजे असेल म्हणून सुकेशनी माठाकडं वळली, तर रंजीनं साडी सोडली नाही. ती वर बघून बोलली. पाच-सहा शब्द. मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

सुकेशनी गुडघ्यांवर बसली. त्या पाच-सहा शब्दांतला एकच तिला कळला, याडी, म्हणजे आई.

"मावशी, काय म्हनते?"

"इचारते," रामीबाई म्हणाली. तिनं ओढणीनं डोळे पुसले. "माही याडी कवा येते म्हनून."

दोन वर्षं मनात राहिलेलं ते पोरीनं आता विचारलं होतं. सुकेशनी 'दिवाळीला' म्हणणार होती, पण थांबली. "मावशी, तुमच्या बोलीत कसं सांगू तिले? दिवाळीले येते म्हनून?"

रामीबाईनं सांगितलं. सुकेशनीनं म्हणायला घेतलं. दोन शब्द बरोबर आले, तिसऱ्याला जीभ भलतीकडंच गेली. सगळी पोरं खो खो हसली. तिनं पुन्हा म्हटलं, आणखी चुकलं, पोरं आणखी हसली. अकरा वर्षं शिकवणाऱ्या बाईचे कान लाल झाले.

रंजी हसली नाही. तिनं वळून पोरांकडं पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि हुबेहूब आजीसारखी दरडावून काही तरी म्हणाली. पोरं गप्प झाली.

"आता काय म्हनली?"

रामीबाई जराशी घुटमळली. "हासू नोका म्हनते. बाईले अजून बोलता येत नाई, म्हनते."

सुकेशनीनं मान हलवली आणि ते वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणायला घेतलं.